एकही तक्रार नाही

सांता ब्रिहिदा, ४ मार्च

ति. हानियाताईस,
सा. न. वि. वि. शाळेने मला धर्मशिक्षिकेच्या नोकरीवरून काढलं. एलादिओशी मी कोर्टात लग्न केलं, म्हणून बिशपसाहेबांच्या कचेरीने यंदा धर्म शिकवण्याचं प्रमाणपत्र दिलं नाही, आणि ते नाही म्हणून सरकारने पगार थांबवला. पहिला नवरा पनामाला पळाला; त्याच्या साक्षीवाचून चर्च ते लग्न रद्द करत नाही. मग मी करायचं काय? धर्मच शिकवणाऱ्या रोहेलिओ मास्तरांनी दुसऱ्या बाईचं घर थाटलेलं सगळ्या गावाला ठाऊक, तरी त्यांचं प्रमाणपत्र वेळेवर आलं. शिक्षण खात्यातले साहेब म्हणाले, कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म असं संविधानातच आहे बाई, आमचा इलाज नाही.

तुमच्या महिला खात्याकडून स्त्रियांच्या हक्कांचा सरकारी अहवाल संयुक्त राष्ट्रांना जातो, तो तूच लिहितेस ना? त्यात माझ्यावर एक परिच्छेद घाल. लोभ आहेच, तो कागदावरही दिसू दे.
तुझी लिदिएत

सान होसे, २६ मार्च

चि. लिदिएत हिस,
अनेक आशीर्वाद. परिच्छेद घातला होता. आमच्या संचालकबाईंनी खोडला. म्हणाल्या, हा धर्माचा विषय, बायकांचा नव्हे. मी भांडले, तर त्यांनी कॉफी मागवली. संताप संताप झाला. तू थोडी कळ काढ. आईला कळवलेलं नाही, नाहीतर ती नवसाला कार्तागोच्या चर्चमधल्या मातेपुढे गुडघ्यांवर चालत जाईल. एलादिओला सांग, बायकोला नीट जेवू घाल. माया आहे तशीच आहे.
हानिया

सान होसे, ३ जुलै

चि. लिदिएत हिस,
अनेक आशीर्वाद. अहवाल वाचून संयुक्त राष्ट्रांच्या समितीतल्या एका बाईंनी नेमकं विचारलं, राज्यधर्मामुळे कोणा शिक्षिकेची नोकरी गेली का? उत्तर लिहायला माझ्याकडेच आलं. वरून सांगितलं तसं लिहिलं, की अशी एकही तक्रार आलेली नाही. तू कुठे नोंदवलीस म्हणा. पण मला माझीच लाज वाटते आहे. रागावलीस तरी पत्र पाठव.
हानिया

सांता ब्रिहिदा, १२ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि. आधी रडले, मग तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आपल्या घटनापीठाला वकील लागत नाही, पावाच्या पुडीवर लिहिलेला अर्जही चालतो, म्हणतात. घरात कोरा कागद नव्हता, तेव्हा पुडीच उसवली. एलादिओ म्हणाला, निदान लोणी तरी पूस. पुसलं आणि लिहिलं. शिक्षण खात्यासोबत तुमच्या खात्याचंही नाव घातलं आहे. काल अर्ज दाखल झाला.

आता कोर्ट तुमच्याकडे शपथेवर खुलासा मागेल, आणि तोही तुझ्याच टेबलावर येईल. लोभ ठेव. पण माझ्यासाठी खोटं लिहू नकोस, आणि त्यांच्यासाठीही नको.
लिदिएत