पाताळनगरीचा दिंडी दरवाजा

प्रिय अक्षता,

अक्षर ओळखलंस ना? म्हणून पाकीट बाजूला टाकू नकोस. अक्षर तुझ्या बापाचं असलं तरी तोंड माझं आहे. मला लिहिता-वाचता येत नाही हे आधी अख्ख्या तांबट आळीला ठाऊक होतं, आता धायरीच्या या सोसायटीलाही झालंय. तेव्हा लिहून द्यायला कुणीतरी हवं, आणि दुपारचा घरात रिकामा माणूस एकच. तो म्हणतो, मी रिकामा नाही, पेपर वाचतोय. सकाळपासून तोच पेपर. श्यामसुंदर, हेही लिही. मी बोलेन ते सगळं उतरवायचं असं ठरलंय आपलं.

तुझ्या आईच्या फोनवर तू पाठवलेली ती पाताळनगरी पाहिली. जयाने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि सांगितलं, हा अक्षताने बनवलेला खेळ, लोक आपापल्या घरी बसून या शहरात फिरणार. अगं, आठवतं का, कसब्यात असताना तुला दुपारी झोप म्हणून यायची नाही. आळीभर हातोड्यांची ठकठक. तू विचारायचीस, आजोबा तर जेवायला बसलेत, मग आवाज कुठून येतो? शेजारच्या घरातून यायचा, पण तेवढ्यावर तू थोडीच गप्प बसणार! म्हणून सांगितलं, खालून येतो. जमिनीच्या पोटात एक शहर आहे, तिथेही तांबट आहेत, आपण वर ठोका मारला की ते खालून जबाब देतात. पोरीला निजवायला मारलेली थाप ती. तू त्या थापेवर पेठाच्या पेठा उभ्या केल्यास. कौतुक आहे. पण एवढ्यावर मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर तू मला ओळखलंच नाहीस.

त्या शहराची देवडी फार देखणी झाली आहे. काळा दगड, दोन्ही अंगांना बुरूज, कमानीत पणत्या, वर नगारखाना. हजारो वर्षं जुनी वाटते खरी, उंबरासुद्धा झिजवलायस. पण नगारा वाजला आणि मला हसू आलं. डालड्याचा डबा बडवल्यासारखा आवाज! तुझ्या आजोबांनी देवळांसाठी नगाऱ्यांची तांब्याची भांडी घडवली, त्यांच्या नातीचा नगारा पत्र्याचा? आमच्या नगाऱ्यावर टिपरी पडली की पोटातलं पाणी हलायचं. ते नीट करून घे.

आणि दुसरं, तू दिंडी दरवाजा विसरलीस. एवढं मोठं दार, ते उघडणार सणाला, नगारा झाल्यावर, पालखी नाहीतर राजा आला तर. मग शहरातल्या बायकांनी कोथिंबीर आणायला कुठून जायचं? राजाची वाट बघत बसायचं? म्हणून मोठ्या दाराच्या पोटात एक छोटं दार ठेवतात. घरची माणसं त्यातून वाकून ये-जा करतात, कुणी नगारा वाजवत नाही. शनिवारवाड्याचं पाहिलंयस की तू. तुझा बाप तुला खांद्यावर घेऊन त्यातून जायला निघाला. स्वतः वाकला, खांद्यावर पोर आहे हे विसरला, आणि तुझं कपाळ वरच्या लाकडाला आपटलं. टेंगूळ तुला आलं, रडला तो. आता म्हणतो, मी रडलो नव्हतो. लिही, श्यामसुंदर, तू रडला नव्हतास. डोळ्यात कसब्याची धूळ गेली होती.

खरं सांगू, तुम्हा दोघांना मोठ्याच दाराची हौस. समोरच्याने वाजतगाजत यावं, मग आपण कडी काढू. दोन दिवाळ्या गेल्या अशाच.

तो तुझा द्वारपाल! आलेल्याला कोडं घालतो आणि उत्तर चुकलं की हाकलून देतो. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात गं, मग चौकशा. पण मला गंमत दुसरीच वाटली. ते नाक, त्या भुवया, ते चष्म्यावरून बघणं. हजारो वर्षांपूर्वीच्या द्वारपालाला चष्मा कुठला? जयाने ओळखलं, मी ओळखलं, आणि ज्याचं नाक त्यानेही ओळखलं. ‘बॅटरी किती उरली बघतो’ म्हणून जयाचा फोन घेऊन गॅलरीत गेला. बॅटरी बघायला माणसाला अर्धा तास लागत नाही. तिथे तुझी देवडी परत परत उघडत होती, नगाऱ्याचा डालडा मला इथे स्वयंपाकघरात ऐकू येत होता. आत आला तेव्हा म्हणाला, मिशी माझ्यापेक्षा बरी काढली आहे. हे त्याने मला सांगितलं, तुला सांगायला नव्हे. म्हणून मी सांगते.

बाकी इकडे ठीक. जयाचा गुडघा तिला जिना असला की दुखतो, बाजार असला की दुखत नाही. तुझी खोली आहे तशी आहे. हिंजवडीची नोकरी सोडलीस त्या दिवशी हा म्हणाला होता ना, चित्रंच काढत बसायचं असेल तर या घरात बसू नकोस. तू बॅग भरून बंगळूरला गेलीस. पण त्यानंतर त्या खोलीत त्याने स्वतःचा पेपरसुद्धा ठेवलेला नाही. परवा पाहुणे आले, तर त्यांना हॉलमध्ये झोपवलं.

आता जया सांगते, पुढच्या महिन्यात तू खेळ दाखवायला पुण्यात येणार आणि येरवड्याला हॉटेलात उतरणार. अगं, येरवड्याला कुणी आपणहून राहायला जातं का?

तू विचारशील, एवढं सगळं आजीने फोनवर का नाही सांगितलं. फोनवर मी बोलले असते आणि हा गॅलरीत उभा राहून ऐकू न आल्यासारखं करत राहिला असता. त्या दिवशी तोंडाने बोलला, ते तोंडाने परत घेणं त्याला जन्मात जमायचं नाही. माझ्यावर गेलाय. म्हणून हातात पेन दिलं. श्यामसुंदर, लिही आता. अक्षता, घरी ये. आपल्या घरी उतर. बाबा वाट बघतोय. लिहिलंस? पेन थांबलंय त्याचं. चष्मा पुसतोय. आता पुन्हा लिहायला लागलाय, पण काय ते मला कसं कळावं? माझ्यापुढे सगळी अक्षरं सारखीच. तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस की समजेन, पोराने आईचं ऐकलं.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी