चौदा अधिक अठरा

मांडवी, रत्नागिरी
१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

आज ऊन बरं होतं. सकाळी पेज केली, कपडे धुतले, बाजारात गेलो. दोन बांगडे मागितले. मासळीवालीने सवयीने चार घातले, मीही सवयीने घेऊन आलो.

प्रिय भागोजी, आशीर्वाद. तुझी साखर आणि मनस्वीचे गुडघे ताब्यात असतील असं धरून चालतो. तुझ्या सानिकाचं दापोलीचं स्थळ अडलं असं तू फोनवर म्हणालास. त्याचं कारण मी आहे. फोनवर सांगवेना, म्हणून हे पत्र.

तुझ्या ताईच्या कॅन्सरचं मूळ मी तेव्हाच डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. (बाकीचं विचारायचा धीर झाला नाही.) रक्तात रोगाशी लढणाऱ्या बी पेशी असतात. तिच्या एका पेशीत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्राचे तुकडे तुटले आणि जोडताना अदलाबदल झाली. चौदाव्यावरचं सतत चालू असणारं बटण अठराव्यावरच्या 'मरू नको' सांगणाऱ्या जनुकाला लागलं. पेशी मरायचं विसरली. मी जन्मभर वायरमन, मला लगेच पटलं. (आमच्या स्वयंपाकघरातल्या बटणावर पडवीचा दिवा लागतो, तसंच. ताई वीस वर्षं म्हणत होती, दुरुस्त करा. मी गावाच्या वायरी जोडत फिरलो.)

हे मी ताईच्या बाराव्याला आमच्या मैनाआक्काला सांगितलं. आक्का कशी ऐकते तुला ठाऊक आहे. तिने गुणसूत्र म्हणजे पत्रिकेतले गुण धरले. आमचे बत्तीस जुळले होते, आणि चौदा अधिक अठरा बत्तीसच होतात. ती म्हणाली, "बघ, भटजीनं जुळवताना उलटसुलट केलान." मी गप्प राहिलो. (तेवढं मला जमतं.) दापोलीला पोचेपर्यंत त्याचं 'मुलीच्या आत्याच्या गुणांत दोष, घराण्यातच आहे' असं झालं. एसटीने गेलं असणार, थांब्याथांब्यावर कोणी ना कोणी चढतंच.

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठी लिहून आणली. ही अदलाबदल आईबापांकडून आलेली नाही, ती जन्मानंतर त्या एका पेशीतच झाली, भाचीकडे जाण्याचा प्रश्न नाही. बी पेशी नवी हत्यारं घडवायला स्वतःचीच जनुकं कापून जोडतात, त्यात कधी चूक होते. मग राहिलेलंही विचारलं, माझ्याकडून काही कमी पडलं का. त्या म्हणाल्या, "नाही हो काका. कुणाकडूनच नाही."

तुझा,
भावोजी

ता. क. दापोलीत चार माणसांत मला एकट्याला बोलता येणार नाही. शनिवारी इकडे ये, रविवारी दोघं चिठ्ठी घेऊन जाऊ.

ता. क. २ चिठ्ठीचा फोटो फोनवरून दापोलीला पाठवता येतो, हे मला माहीत आहे. तरी ये.

ता. क. ३ बटण आज दुरुस्त करायला घेतलं होतं. स्क्रूड्रायव्हर परत ठेवला. आता अंधार पडतो आहे, स्वयंपाकघरात जाऊन पडवीचा दिवा लावतो.