एकेक चेहरा

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला काही सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे. आत्ताच यवतमाळच्या जेलमधून बाहेर पडले. घरी जाईपर्यंत धीर नाही, म्हणून दारव्हा रोडवर एका टपरीशी गाडी लावून लिहिते आहे. तुमची लेक आता नायब तहसीलदार आहे, हे तर तुम्हाला माहीतच नाही. आणि आमच्या गळ्यात पडणाऱ्या शंभर कामांत एक काम ओळख परेडचं असतं. हो, तेच. ज्याच्यावरून आपण दोघं दोन वर्षं धड बोललो नाही.

तुम्ही नेरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. दहा गाड्यांतला मूठ मूठ कापूस शेजारी शेजारी ठेवून उजवा कुठला ते क्षणात सांगायचे, आणि व्यापारी मुकाट्यानं ऐकायचे. एका भर दुपारी चौकीदाराला मारहाण करून एक जण त्याची मोटरसायकल घेऊन पळाला. त्याचं तोंड पाहिलं ते तुम्ही एकट्यानं. महिन्याभरानं तुम्हाला जेलमध्ये बोलावलं. सहा जण रांगेत उभे होते. पाच जण हॉटेलातून धरून आणलेले, दाढी गुळगुळीत केलेले, आणि पोलिसांनी धरलेल्या एकाची वाढलेली. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो आठ महिने आत राहिला, आणि मग खरा चोर त्याच मोटरसायकलसकट सापडला.

पुढचं मला अजून समोर दिसतं. दारव्ह्याचा बाजार आहे, तुम्ही वांगी निवडताय, मी पिशवी धरून उभी आहे. तो माणूस येतो आणि तुमच्यासमोर थांबतो. शिवी नाही, आवाज नाही. "भाऊ, आता नीट पाहून घ्या मले," एवढंच म्हणतो आणि चालू लागतो. वांगी तिथंच राहतात. घरी आल्यावर मी तुम्हाला फैलावर घेतलं. ओळखू येत नव्हता तर हात कायले ठेवला, असं विचारलं. तुम्ही खाली पाहून म्हणालात, "सायबानं उभे केले म्हंजे त्यातलाच कोणी असन ना. त्यातल्या त्यात तोच जवळचा होता." माणूस म्हणजे कापूस नाही, असं मी म्हटलं. तुम्ही ताट सरकवलं. त्या वाक्याचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता.

आता आजचं ऐका! मी ठरवलं होतं की माझ्या परेडमध्ये असं होऊ द्यायचं नाही. वरिष्ठांच्या मागे लागून वेगळ्या पद्धतीनं परेड घ्यायची परवानगी काढली. सातही जण एकाच अंगकाठीचे, सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, अंगात सारखे शर्ट. कोण कितव्या नंबरला हे तहसीलदार मॅडमनी लिहून पाकिटात बंद केलं, मलाही सांगितलं नाही. म्हणजे माझ्या नजरेवरूनसुद्धा कुणाला काही कळू नये. साक्षीदार आर्णीकडच्या एक अंगणवाडी सेविका, मंगळसूत्र ओढून नेलं त्यांचं. तो माणूस इथं नसेलही, नाही ओळखला तर काही बिघडत नाही, असं त्यांना दोनदा सांगितलं. मग सगळे एकदम उभे न करता एकेकाला आत बोलावलं. तिसऱ्यानंतर त्या म्हणाल्या की सगळे संगच उभे करा ना, एकमेकांशी लावून पाहते. बाबा, ही तर तुमची कापूस पाहायची रीत. तुमचंच बोलणं! मी नाही म्हटलं. मग त्यांनी डोळे मिटले, त्या दिवसाचा चेहरा आठवला आणि पुढच्या प्रत्येकाला त्याच्याशी ताडून पाहिलं. सातवा गेल्यावर म्हणाल्या, "नाही मॅडम. यातला कोणीच नाही."

मला नाचावंसं वाटत होतं. पाकीट फोडलं तर पोलिसांनी धरलेला पोरगा सहाव्या नंबरला होता. तो चोर आहे की नाही ते मला ठाऊक नाही. बाईंची नजर चुकलीही असेल. पण 'त्यातल्या त्यात' म्हणून कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि पोलिसांना आता दुसरा पुरावा शोधावा लागेल. तुम्हाला अशी परेड मिळाली असती तर तुमचाही हात खालीच राहिला असता, हेच सांगायला मी धावत सुटले होते.

पण एक गोष्ट राहिली. परेडच्या आधी सातही जण ओट्यावर ओळीनं बसले होते, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. पाचवा सारखा घाम पुसत होता, नजर चोरत होता, आणि मी मनात त्याच्यावर हात ठेवून मोकळी झाले होते. तो पंचायत समितीतला शिपाई निघाला. लेकीचा वाढदिवस होता, म्हणून बिचाऱ्याला घरी जायची घाई होती. अहवालात हे कुठंच नाही, आणि तुम्हालाही सांगणार नव्हते.