बाबा, मला आवाजाचं काम मिळालं

तीर्थरूप बाबांना धाकटीचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता, म्हणून मोठी बातमी कागदावर लिहितेय. पुढे काय करायचं ते माझं ठरलं!

दुसरं वर्ष सुरू होताच भौतिकशास्त्राच्या मॅडमनी एकेकाला बोलावून बेत विचारला. मी म्हटलं, "पदवी झाली की बघू."

"तेव्हा उशीर होईल. तुला आवडतं काय, ते आत्ता बोल."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "आवाज!" त्यांनी तिथल्या तिथे एका दवाखान्यात फोन लावला. आता दर शनिवारी मी कान तपासायच्या खोलीत मदतनीस आहे, आणि पदवीनंतर हेच शिकणार. त्यासाठी गणितात चांगले मार्क हवेत. अभ्यास जोरात आहे. जेवणही वेळेवर होतं, बहुतेक.

परवा एका आजोबांना कानाचं यंत्र लावलं. मागून आजी पुटपुटल्या, "आता तरी ऐकतील."

आजोबा गर्रकन वळले, "म्हणजे एरवी ऐकत नाही की काय?"

आम्ही पोट धरून हसलो. आजी मात्र रडायलाच लागल्या.

रागावू नका, बाबा. यंत्र म्हणजे म्हातारपण, असं तुम्हाला वाटतं, ठाऊक आहे मला. पण या सुट्टीत मला निघता येणार नाही, तेव्हा तुम्हीच या. आईचा गुडघा बरा असेल तर तिलाही आणा.

त्या खोलीत दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. तिथे मी हळूच हाक मारीन. नाही ऐकू आली तर पुन्हा मारीन.

वाट बघणारी,
तुमची धाकटी