चौदा नंबरची जागा

हेरन क्रीक, मेरीलँड
३ मे

ती. डेल्माताईस,
वॉल्टनचा शि. सा. न. वि. वि.

नातू कसा आहे? त्याला आपल्या घराण्याचं नाक आलं नसेल, तर देवाचे आभार मान.

इकडे बोटी बांधायची आपली मरीना एका कंपनीने घेतली. बाबांनी स्वतः ठोकलेल्या चौदा नंबरच्या जागेचं भाडं एका पत्रात तिप्पट झालं. म्हटलं, माझी 'डॉटी' बोट, माझं घरच ते, घेऊन दुसरीकडे राहू. चौकशीला उत्तरेच्या मरीनावर गेलो, तर तिथेही आपल्याच मरीनाचा निळ्या शर्टातला नवा मॅनेजर, ब्रॅडन. दक्षिणेला गेलो, तर हा गाडीने माझ्याआधी पोचून कॉफी पीत बसलेला. खाडीकाठच्या पाचही मरीना आता त्यांच्याच. पाचव्या ठिकाणी त्याने मला नवीन गिऱ्हाईक म्हणून टोपी भेट दिली.

भाडं पेन्शनीतून कसंबसं भरीन. पण नवा नियम आलाय: बोटीने आपल्या इंजिनावर बाहेर जाऊन परत यायचं, नाहीतर जागा जप्त. डॉटी एकोणीस वर्षं हललेली नाही. जागा गेली तर मी राहू कुठे?

लोभ असू दे, जागा असो वा नसो.
तुझा,
वॉल्टन

ओहायो
९ मे

चि. वॉल्टन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

नाक तुझंच आलंय. बाळाची आई दोन दिवस रडत होती.

एकोणीस वर्षं बोट हलवली नाहीस आणि गावभर दर्यावर्दी म्हणून मिरवतोस! ऊठ आणि इंजिनात तेल घाल. काहीही कर, पण मी इथे नातवापाशी असताना माझ्या खाडीकाठच्या घराच्या परसातल्या बोट बांधायच्या खुंटांकडे नजर नको. मागे दोन दिवस म्हणून आलास आणि माझ्या न्हाणीच्या टबात खेकडे सोडलेस. अजून मी उभ्यानेच आंघोळ करते.

काळजी वाटते, म्हणूनच रागावते.
डेल्मा

तुझं परसदार
१९ मे

ती. ताईस शि. सा. न.

वरचा पत्ता वाचून आधी पाणी पी.

चार दिवसांपूर्वी परीक्षा झाली. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकून सुरू झालं. ब्रॅडन आमच्या तरंगत्या धक्क्यावर कागद घेऊन उभा. मी निघालो, तर ब्रॅडनही निघाला. बुडाला चिकटलेली कालवं इतकी माजलीत की बोट आणि धक्का एकजीव झालेत; तुटले ते किनाऱ्याकडचे गंजके बोल्ट. वळून पाहतो तर चौदा नंबरची पाटी, दिव्याचा खांब आणि ब्रॅडन माझ्या शेजारून चाललेले. तो ओरडत होता की थांबा. मी सांगितलं की नियमात थांबायचं कुठेच लिहिलेलं नाही. मग परतायला गेलो, पण वरात वळेना. येऊन टेकली ती तुझ्या खुंटांना. ब्रॅडनने तीन क्रॅब केक खाल्ले आणि टोपी विसरून गेला.

कंपनीने कळवलं की जागा सोडलीत, हक्क संपला. मी उलट कळवलं की जागा सोडलेलीच नाही, पाटी बघून जा. वकील आला, पाटी वाचली, फूटपट्टी लावली. आज उत्तर आलं: मान्य. आणि त्यांच्या नकाशात आता सहा मरीना आहेत. सहावी म्हणजे तुझं परसदार.

रागावलीस तरी पत्र धाड.
वॉल्टन

ओहायो
२३ मे

चि. वॉल्टन यास आशीर्वाद.

कंपनीकडून मला टोपी आली. ती बाळाला झबल्यासारखी होते.

मीही त्यांना कळवलंय: तुमचा धक्का माझ्या खुंटांना लागलाय. आता माझ्या परसातही नियम तुमचाच आहे. त्या धक्क्याने आपल्या इंजिनावर बाहेर जाऊन परत यावं, नाहीतर तो मी जप्त करीन. रविवारपर्यंत मुदत दिली आहे.

रविवारी मीही पोचते. तोवर कालवं खरवडलीस तर बघ! आणि टब रिकामा ठेव.

तुझी,
ताई