कॉफीच्या दाण्यांना एरंडेल लावू नये

मी, तुळसाबाई उकंडराव गावंडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक दाखवील असे माणूस गावात एकच आहे आणि ते सध्या माझ्याशी बोलत नाही. त्याचा खुलासा कलम सहामध्ये येईल. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. मरायची घाईही नाही, पण वकीलसाहेब आज रविवारी मोकळे होते.

कलम एक. माझ्या वाट्याचे अर्धे घर मुलगा हरीओम याला मिळावे. उरलेले अर्धे धाकट्या दिराचे. दीर वारले, आता तिथे माझी जाऊ रूपा राहते. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक दार आहे. वाटण्या झाल्या तेव्हा गवंडी म्हणाला होता, बुजवून टाकू. आमचे यजमान त्याच्यावर ओरडले, "राहू दे ना बाप्पा! भाजीची वाटी कुठून जाईन मंग?" ते दार हरीओमने कधीही बुजवू नये. माझ्या बाजूने कडीच नाही. पलीकडून आहे, आणि सध्या ती लावलेली असते.

कलम दोन. रस्त्याकडचे शेत हरीओमलाच. तो पुण्यात कंपनीत आहे. तूर फुलोऱ्यावर आली का हे तो फोनवर विचारतो, तेही भर उन्हाळ्यात. पण शिकेल. बांधावरचे कडुनिंब तोडू नये.

कलम तीन. सोन्याची पोत सून वर्षाराणी हिला. तिने नाही घातली तरी चालेल. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती रात्री पाय चेपायची आणि मी झोपेचे सोंग घ्यायची. मला सगळे समजत होते, हे तिला कळावे म्हणून पोत.

कलम चार. माझी लोखंडी शिडी गल्लीतल्या किसनसिंग यांनी पत्र्याचे काम आहे म्हणून नेली होती. पत्रे गंजायला आले, शिडी परत आली नाही. ती शिडी आता त्यांनाच बक्षीस दिली आहे. माझ्या घरावरून जाताना त्यांनी यापुढे मान खाली घालू नये.

कलम पाच. यजमानांचा फौजेतला पेटारा आणि पितळी फिल्टर हरीओमला. यजमान नोकरीत असताना दक्षिणेत होते. तिथून ही कॉफीची सवय घेऊन आले आणि मलाही लावली. अख्खे गाव चहा पिते, आम्हाला कॉफीवाले म्हणून नाव पडले. यजमानांची परीक्षा एकच होती: घोट घेतला की कान गरम झाले पाहिजेत. ते गेल्यावर फिल्टरची कॉफी माझ्याने होईना.

कलम सहा. कॉफीचे मशीन. हे हरीओमने पाठवले. वरून दाणे टाका, मागून पाणी भरा, बटन दाबा. दळणे, गाळणे ते आपले आपण करते. पण पहिल्या दिवशी मशीनने जे दिले ते कॉफीचे भांडे विसळलेले पाणी होते. हरीओमला फोन केला. तो म्हणाला, "आई, दाणे नीट ठेवत जा, खराब झाले की कॉफी पातळ होते." दाणे त्याने भरपूर पाठवले होते. कीड लागू नये म्हणून तुरीला करते तेच मी केले. एरंडेल चोळले, ऊन दाखवले, डब्यात निंबाचा पाला घातला. धान्याला आम्ही एवढेच जाणतो.

त्याच आठवड्यात रूपाच्या मुलीला, निताला, पाहायला पाहुणे आले. मुलगा मला पसंत नव्हता आणि ते मी बोलूनही दाखवले होते. तरी घरचे कार्य म्हणून मी कॉफी केली. तेलकट दाणे मशीनच्या चक्कीत निसटत होते. दळण कमी पडले, कॉफी आणखी पातळ झाली. पातळ झाली म्हणून मी प्रत्येकाला आग्रहाने दुसरा कप दिला. पाहुण्यांची गाडी परत जाताना जागोजागी थांबली, आणि थांबली की मुलाचे मामा धावत तुरीत शिरत. स्थळ मोडले.

रूपा त्या मधल्या दारात उभी राहून म्हणाली, "मुद्दाम पाजलं तुमी, मोठ्याबाई. माह्या पोरीचं चांगलं तुमच्यानं पाहवलं नाही." मी म्हटले, "मुद्दाम कायले पाजीन वं? मी बी त दोन कप पेले!" तिने ऐकले नाही. तेव्हापासून कडी लागली ती लागलीच. दिवाळीच्या फराळाचे ताट निता रस्त्याने फिरून आणते. मला राग आहे आणि तो खरा आहे. पण एकटीची कॉफी करताना मी दुसरा कपही काढून ठेवते, हेही तितकेच खरे आहे. मरायच्या आधी रूपा त्या दारातून यावी, एवढीच माझी इच्छा उरली आहे.

निता आता कारंजा लाडला बँकेत नोकरीला आहे. दर रविवारी एसटीने येते आणि ते स्थळ मोडले म्हणून गुपचूप माझे आभार मानते. आईला सांगायची तिची छाती होत नाही, म्हणून मी इथे लिहिते.

सबब, हे मशीन माझ्या पश्चात रूपा हिला मिळावे. अकोल्याहून माणूस आणून चक्की खोलून पुसून घेतली आहे. आता कॉफी कडक होते, ती अशी. दळण बारीक करायची चकती मशीन दळत असतानाच फिरवावी, आणि एका वेळी एकच खूण, नाहीतर अडकते. दाण्यांचे प्रमाण सगळ्यात जास्त, पाणी सगळ्यात कमी. मोठा कप हवा असेल तर मोठ्या कपाचे बटन दाबू नये. लहान कपाचे दोनदा दाबावे, म्हणजे दाणे दुसऱ्यांदा नवे दळले जातात. मोठ्या कपात तेवढ्याच दाण्यांतून नुसते पाणी काढले जाते. आधी गरम पाणी सोडून कप तापवावा. आपल्याकडचे पाणी खारे, आतला थर वेळोवेळी काढावा. लाइट जाण्यायेण्याचा नेम नाही, स्टॅबिलायझर काढू नये. दाणे थोडेच आणावेत, झाकून ठेवावेत. धुऊ नयेत, भाजू नयेत. एरंडेलाचे वर आलेच आहे.

कलम सात. मी जाईन त्या दिवशी रिवाजाप्रमाणे दोन्ही घरी चूल पेटणार नाही. मशीनला जाळ नाही, तेव्हा ते चालू ठेवावे. ज्यांना रडायचे आहे त्यांनी कॉफी पिऊन रडावे, जोर येईल.

दुरुस्ती, सही करण्यापूर्वी. साक्षीला यजमानांचे फौजेतले सोबती गोविंदसिंग वेळेवर आले. दुसरे साक्षीदार वाशीमला अडकले. निता म्हणाली, "आईले बोलावतो." मी म्हटले, बोलावून पाहा.

पलीकडून कडी वाजली. रूपा मधल्या दारातूनच आली, पण उंबऱ्याच्या आत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी, मागे वाद होतात. तुमचे नाव कलम सहामध्ये आहे." ती म्हणाली, "काय हाय त्या सहात?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, त्यांनी सगळे वाचले. निताच्या आभारांचे आले तेव्हा रूपाने निताकडे पाहिले आणि निताने मशीनकडे.

वाचून झाल्यावर रूपाने मला एवढेच विचारले, "दुसरा कप काहून देला होता?"

"पयला पातळ झालता मनून."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता खालीच बसली, उंबऱ्याच्या आत. मलाही आवरेना. निताने लहान कपाचे बटन दोनदा दाबून कप तिच्या हातात दिला. रूपाने घोट घेतला, कानाला हात लावून पाहिला. मग वकीलसाहेबांना म्हणाली, "माहं नाव काटा त्याच्यातून. मी सही करतो. मशीन इथंच राहू द्या, मी येत जाईन प्यायले." आणि मला म्हणाली, "अन् मरायचं इतक्यात काढू नोका, मोठ्याबाई. आत्ता कुठं कडक व्हायले लागली."

त्याप्रमाणे कलम सहामधील रूपाचे नाव खोडले आहे. मशीन माझ्या पश्चात निताला मिळावे. घाई करू नये.

वरील सर्व मजकूर वाचून, हसून आणि पूर्ण शुद्धीत सही केली आहे.

स्थळ: किन्हीराजा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

तुळसाबाई उकंडराव गावंडे (सही)

साक्षीदार एक: गोविंदसिंग (सही)

साक्षीदार दोन: रूपा दौलतराव गावंडे (सही. कागदावर पडलेला डाग कॉफीचा आहे, खाडाखोड समजू नये. मधल्या दाराची कडी साक्षीदाराने घरी जाताना स्वतः उचकटून काढली.)