नमुना गढूळ, पिण्यास अयोग्य

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (फक्त कागदावर. प्रत्यक्षात गुडघा परवानगी देत नाही.) तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळी घेऊन मगच पुढे वाचा. तुमची धाकटी बहीण ठणठणीत आहे आणि दिवसातून दहादा ‘दादा म्हणेल तसं’ एवढंच बोलते आहे.

तुमच्या आज्ञेनुसार लेकीने निवडलेल्या मुलाची चौकशी केली. ‘मुलगा दारू गाळतो, तिथे आपली पोर द्यायची नाही’ असं तुम्ही फोनवर बजावलंत (इतक्या मोठ्याने, की संध्याकाळी शेजाऱ्यांनीही मला तेच बजावलं). पक्षपात नको म्हणून त्याच्या ब्रुअरीआधी शहरातल्या आणखी दोन पाहिल्या. सोबत लेक होती. तीन महिने ती माझ्याशी आईमार्फतच बोलते, त्यामुळे गाडीत शांतता भरपूर मिळाली.

पहिली ब्रुअरी पूर्वी गॅरेज होती आणि ते लपवायचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. बसायला उलटी पिंपं, प्यायला खोकल्याच्या औषधाएवढे सहा पेले. शेजारी तीन दाढीवाले पेल्यात नाक खुपसून बसले होते. एकाला केळ्याचा वास आला, दुसऱ्याला लवंगेचा, तिसऱ्याला ओल्या गोणपाटाचा, आणि तिघेही धन्य झाले. मी एकतीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने हुंगले, दादा. गोणपाटाचा वास आला की आम्ही अख्ख्या वस्तीचं पाणी तोडायचो. इथे आणखी दोन पेले मागवतात. दुसऱ्या ठिकाणी काचेमागे तांब्याचे प्रचंड हंडे होते आणि हंड्यांवर पाऊण तास व्याख्यान. श्रोत्यांना तहान लागावी, ही सोय असणार.

तिसरी ब्रुअरी मुलाची. त्याने नमस्कार केला (वाकून, याची नोंद घ्यावी), पेला ठेवला आणि अभिप्रायाचं कार्ड पुढे केलं. तिथेच घात झाला. कार्ड आणि पेन हाती आलं की माझा हात माझंही ऐकत नाही. लिहिलं: ‘नमुना गढूळ. तळाशी साका. चव आंबट. पिण्यास अयोग्य.’ खाली सही, तारीख. लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. मुलाने कार्ड वाचलं आणि आनंदाने सगळ्यांना दाखवत सुटला. “काका, अगदी बरोबर! एवढी आंबट व्हायला आठ आठवडे लागलेत. आणि गढूळ असणारच, आम्ही गाळतच नाही!”

दादा, हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. मुलगा गाळत नाही. आंबवतो, मुरवतो आणि तशीच देतो. तुमची हरकत गाळण्याला होती, ती मी रीतसर निकालात काढली आहे. थोड्याच वेळात फळ्यावर खडूने नवं नाव आलं, ‘पिण्यास अयोग्य’, आणि गिऱ्हाईकं तेच मागू लागली. उभ्या नोकरीत माझ्या अहवालाची एवढी दखल कोणी घेतली नव्हती.

मग त्याने एक वही काढली. रोज सकाळच्या पाण्यातल्या क्षारांच्या नोंदी, अर्ध्या चुकलेल्या. म्हणाला, बीअर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाण्याचं मला कोणी शिकवलं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरात मला पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, पंप बंद केलात का. मी दोन तास बोललो. तो लिहून घेत होता. मला फार बरं वाटलं, दादा. तेवढ्यात लेकीने माझा रिकामा पेला उलटा करून पाहिला आणि थेट मलाच म्हणाली, “बाबा, अयोग्य होतं ना?” ती तीन महिन्यांनी माझ्याशी बोलली, म्हणून मी आणखी एक पेला मागवला (साक्यासकट).

असो. निर्णय सर्वस्वी तुमचा. आम्ही काय, सांगकामे.

तुमचा आज्ञाधारक,
बहिणीचा नवरा

ता. क. निर्णय तुमचा, हे शिष्टाचार म्हणून लिहिलं. लग्नाची नोंदणी गुरुवारी अकरा वाजता आहे.

ता. क. दुसरा: हिला अजून सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही सांगा.

ता. क. तिसरा: साक्षीदारांत पहिलं नाव माझं आहे. दुसऱ्या ओळीत लेकीने तुमचं लिहिलंय, पुढे नातं ‘मामा’. मी म्हटलं, पेन्सिलीने लिही, त्यांचा भरवसा नाही. तिने पेनाने लिहिलं.